अर्ध्या सेंटचा रस्ता: प्रॉप ४७९ ला हो म्हणायचं की नाही?

चांडलरकर | शनि, १२ ऑक्टोबर २०२४, रात्री ९:४०

काल देसी दुकानातून कुकर आणि कणकेची पिशवी आणली. एरवी पावती खिशातून थेट कचऱ्यात जाते, पण टेबलावर टपालाने आलेली मतपत्रिका पडली होती म्हणून दोन्ही शेजारी ठेवून वाचत बसलो. कुकर ६४.९९ डॉलर, त्यावर कर ५.०७. कणीक १६.९९, त्यावर कर फक्त २५ सेंट.

नव्यांसाठी सांगतो. ॲरिझोनातल्या आमच्या चांडलरमध्ये भांडीकुंडी, कपडे, गाडी असल्या मालावर ७.८ टक्के लागतात. त्यात राज्याचे ५.६, शहराचे १.५ आणि मॅरिकोपा काउंटीचे (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं काहीतरी) ०.७. किराण्यावर राज्य आणि काउंटी काही घेत नाहीत, शहर तेवढा दीड टक्का काढतं. काउंटीच्या ०.७ पैकी ०.२ तुरुंगांना जातात आणि उरलेला अर्धा टक्का, म्हणजे डॉलरला अर्धा सेंट, रस्ते-बसला. म्हणजे माझ्या कुकरमधले बत्तीस सेंट कुठल्या तरी फ्रीवेच्या काँक्रीटमध्ये गेले.

हा अर्धा टक्का पुढच्या वर्षी ३१ डिसेंबरला संपतोय. तो आणखी वीस वर्षं चालू ठेवायचा का, एवढाच प्रॉप ४७९ चा, म्हणजे मतपत्रिकेवरच्या ४७९ नंबरच्या प्रस्तावाचा, प्रश्न. १९८५ साली प्रॉप ३०० म्हणून वीस वर्षांसाठी आणला होता. २००४ साली प्रॉप ४०० म्हणून पुन्हा वीस. आता पुन्हा वीस. पाहुणा म्हणून आला आणि घरजावई झाला म्हणतात ते हेच.

मी एकोणीस वर्षं इथे आहे, १०१ आणि २०२ नंबरच्या फ्रीवेंवरूनच आयुष्य चाललंय, त्यामुळे 'रस्ते नकोत' म्हणायला तोंड नाही. पण रस्त्याचा खर्च कुकरवर का? जो जास्त गाडी हाणतो त्याने जास्त द्यावं, हे सरळ नाही का? आणि समर्थक 'करवाढ नाही, करवाढ नाही' म्हणून ओरडताहेत ते तितकं खरं वाटत नाही. नाही म्हटलं तर २०२६ च्या जानेवारीत माझा कर कमी होणार आहे. मग हो म्हणणं ही वाढच झाली ना?

तुमचं काय ठरलंय?

मिरजमळा | शनि, १२ ऑक्टोबर, रात्री १०:०५

हो वर गोळा भरून पाकीट चिकटवून टाकलं सुद्धा. दोन कागद, दोन्हींच्या दोन्ही बाजू भरलेल्या. शेवटच्या न्यायाधीशाला ठेवायचं की नाही इथपर्यंत पोचेस्तोवर बॉलपेन संपलं. त्यात अर्ध्या सेंटवर एवढा निबंध? हलकं घ्या.

खडूस_गणिती | रवि, १३ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

चांडलरकर, तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो कारण पहिला अवघड आहे. 'वाढ' म्हणायचं की 'मुदतवाढ' हा शब्दांचा खेळ आहे. पावतीवरचा आकडा बदलणार नाही, म्हणून ते वाढ नाही म्हणतात. कायद्याने संपणारी गोष्ट तुम्ही संपू देत नाही, म्हणून तुम्ही वाढ म्हणता. दोघंही बरोबर. पुढे चला.

आता कुकर. ॲरिझोनात पेट्रोलवर राज्याचा कर गॅलनला १८ सेंट. हा १९९१ पासून एका पैशाने हललेला नाही. केंद्राचा १८.४ सेंट, तो १९९३ पासून तिथेच. तेव्हापासून महागाई दुपटीहून जास्त झाली, म्हणजे त्या १८ सेंटांना आज आठेक सेंटांची किंमत उरली. वर्षाला १२,००० मैल, गॅलनला २५ मैल पडतात असं धरा. ४८० गॅलन, राज्याला मिळाले ८६ डॉलर ४० सेंट. वर्षभर रस्ता झिजवायचे एवढेच.

आणि माझी गाडी विजेवरची. मी पेट्रोलकराचे किती देतो? शून्य. मी फुकट्या आहे आणि फुकट्याच तुम्हाला सांगतोय की ही व्यवस्था बिघडलेली आहे.

पेट्रोलकर वाढवायची हिंमत तीस वर्षांत एकाही राज्यपालाला किंवा विधानसभेला झाली नाही. मग उरतो विक्रीकर. तो वस्तूंच्या गर्दीत लपतो, डोळ्यांत खुपत नाही. लोक तो आवडीने देत नाहीत, त्यांच्या लक्षात येत नाही इतकंच. मी तत्त्व म्हणून 'नाही' ला मत देणार आहे.

निमूटराव | रवि, १३ ऑक्टोबर, सकाळी ९:५०

तुमच्या तत्त्वाला नमस्कार. माझ्याकडे तत्त्वही नाही आणि मतही नाही. एच-वन व्हिसावर आहे, ग्रीनकार्डच्या रांगेतली तारीख २०१६ ची, म्हणजे रांग कुठवर सरकली ते विचारूच नका.

यंदा गाडी घेतली, ३८,००० ची. त्यावर काउंटीचा हा अर्धा टक्का म्हणजे १९० डॉलर. एका सहीत १९० डॉलर रस्त्याला दिले आणि रस्ता हवा की नको हे मला कोणी विचारणार नाही. तुम्ही मंडळी मतपत्रिका टेबलावर टाकून आठवडाभर विचार करता त्याचा हेवा वाटतो, खरंच.

तरी विचारत असाल तर: हो द्या. मी क्वीन क्रीकहून रोज चांडलरला येतो. २४ नंबरचा हायवे आयर्नवूड रोडपर्यंत नेला तेव्हा, २०२२ मध्ये, जरा श्वास मोकळा झाला होता. आता पुन्हा एलस्वर्थवर तेच. संध्याकाळी सूर्य समोर, काच धुळीने भरलेली आणि पुढे लाल दिव्यांची माळ.

सोनचाफा | रवि, १३ ऑक्टोबर, दुपारी १२:२०

'किराण्यावर लागत नाही' म्हणून हा कर गरिबाला सोसेल असं कोणी लिहायच्या आत लिहून टाकते. डायपरवर लागतो. शाळेच्या वह्यांवर लागतो. आमच्या पाळणाघरात काम करणाऱ्या बायका महिन्याचा पगार महिन्यात खर्च करतात, त्यातला निम्मा दुकानात. माझ्या नवऱ्याच्या पगारातला मोठा हिस्सा गुंतवणुकीत जातो, त्यावर विक्रीकर नाही. टक्केवारीत कोण जास्त देतं ते गणिती सांगतीलच.

पण त्याच बायकांपैकी दोघी बसने येतात. एकीला दोन बस बदलून सव्वा तास लागतो, गाडीने तेच अंतर वीस मिनिटांचं. ४७९ मधला ३७ टक्के पैसा बससाठी आहे. त्या काय म्हणतील? मी विचारलं. एक म्हणाली, बस वेळेवर येणार असेल तर घ्या माझा अर्धा सेंट. दुसरीने खांदे उडवले.

चांडलरकर | रवि, १३ ऑक्टोबर, दुपारी १:०५

सोनचाफा, वाटणीचा मुद्दा बरा काढलात. जुन्या प्रॉप ४०० मध्ये फ्रीवे-हायवेला ५६.२ टक्के, शहरातल्या मोठ्या रस्त्यांना १०.५ आणि बस-रेल्वेला ३३.३ होते. नव्यात फ्रीवे ४०.५, शहरी रस्ते २२.५, बस वगैरे ३७. म्हणजे फ्रीवेचा हात आखडता घेऊन गल्लीबोळांकडे नाही तरी एकेक मैलावरच्या मोठ्या रस्त्यांकडे पैसा वळवलाय. मात्र लाइट रेल आणखी पुढे न्यायला यातला पैसा वापरता येणार नाही, ती अट विधानसभेत घुसवली गेली.

विधानसभेचं हे प्रकरण मुळातून वाचण्यासारखं आहे. बाकीच्या काउंट्या असला प्रश्न आपापल्या लोकांपुढे ठेवू शकतात, मॅरिकोपाला मात्र आधी राज्याची परवानगी लागते. २०२२ मध्ये विधेयक मंजूर झालं तर राज्यपाल ड्यूसींनी नकाराधिकार वापरला. २०२३ मध्ये नव्या राज्यपाल हॉब्सबाईंनी पहिलं विधेयक परत पाठवलं. शेवटी १ ऑगस्ट २०२३ ला तडजोडीवर सही झाली आणि त्याच दिवशी घरभाड्यावरचा शहरांचा कर रद्द करणाऱ्या विधेयकावरही. देवाणघेवाण. पंचेचाळीस लाखांच्या काउंटीला 'आमच्यावर कर लावू का' एवढं स्वतःलाच विचारायला दोन अधिवेशनं लागली.

सॅनटॅनची_सून | रवि, १३ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:३०

तुम्ही भाग्यवान हो. आम्ही काउंटीची रेघ ओलांडली की शेजारच्या पिनाल काउंटीमध्ये. आमची गोष्ट ऐका.

२०१७ साली आमच्याकडेही रस्त्यांसाठी अर्धा टक्का मतदानाला आला आणि पास झाला. २०१८ पासून दुकानात कापला जाऊ लागला. त्यात मेख अशी की एकाच वस्तूची किंमत १०,००० डॉलरच्या वर गेली तर वरच्या रकमेवर शून्य. म्हणजे गाडी, ट्रॅक्टर घेणाऱ्याला सवलत आणि चपला-बादल्या घेणाऱ्याला पूर्ण कर. कोर्टात गेलं. चार वर्षं भिजत घोंगडं. मार्च २०२२ मध्ये ॲरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असा कर लावायचा काउंटीला अधिकारच नव्हता. तोपर्यंत दिलेले पैसे पडून, रस्ते कागदावर.

त्याच वर्षी नोव्हेंबरात दुरुस्त करून पुन्हा विचारलं. लोक म्हणाले नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि इथे तर दूधही मिळालं नव्हतं.

हंट हायवेवर सकाळी पावणेआठला या कधी. मुलाची शाळा चार मैलांवर. मी गाडीत त्याला पाढे म्हणायला लावते. गेल्या वर्षी सुरुवात केली तेव्हा बाराचा चालला होता, आता एकोणतीसचा संपला. आमचे शेजारी संध्याकाळी मॅरिकोपातच खरेदी करून येतात. म्हणजे तुमचे रस्ते आमच्या पैशांनी होतात आणि आमच्या रस्त्यावर आमचे पाढे.

मिरजमळा | रवि, १३ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:४१

एकोणतीसचा पाढा! पोराला दंडवत.

रंकाळाकाठ | सोम, १४ ऑक्टोबर, सकाळी ८:१०

मी अमेरिकेत राहत नाही, कोल्हापुरातून वाचतोय. तुमच्या भांडणात मला एकच गोष्ट दिसते, की तुम्हाला विचारतात.

आमच्या शहरात ४९ किलोमीटर रस्ते 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' वर द्यायचं महापालिकेने ठरवलं. लोकांना पहिल्यांदा कळलं ते नाके उभे राहिले तेव्हा. गावातल्या गावात, भाजी आणायला गेलं तरी टोल. एन. डी. पाटील सरांसारखी म्हातारी माणसं रस्त्यावर बसली. जानेवारी २०१४ मध्ये नाके पेटले. मी त्या दिवशी शिरोली नाक्यापासून लांब उभा होतो, धूर दिसत होता. डिसेंबर २०१५ मध्ये टोल रद्द झाल्याची घोषणा झाली, तेव्हा गुलाल. पण रस्त्याचा पैसा टोलमधून नाही तर सरकारी तिजोरीतून गेलाच की. तो कुणाचा होता? चंदगडच्या शेतकऱ्याचाही होता, ज्याने कोल्हापूरचा रिंगरोड वर्षातून दोनदा बघितला असेल.

मतपत्रिकेवर तो प्रश्न असता तर आम्ही नाही म्हणालो असतो का? मला वाटतं, दर आणि मुदत नीट सांगितली असती तर हो सुद्धा म्हणालो असतो. न विचारल्याचा राग जास्त होता.

कसबा_पेठ | सोम, १४ ऑक्टोबर, सकाळी ११:३०

रंकाळाकाठ, एक पुरवणी. आपल्याकडे शहरांच्या हातात असा स्थानिक विक्रीकर होता की. जकात. नाक्यावर ट्रकची रांग आणि चहाचे स्टॉल, सगळ्यांना आठवत असेल. पुण्यात १ एप्रिल २०१३ पासून जकात जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली. १ ऑगस्ट २०१५ ला एलबीटीही बहुतेकांसाठी गेला. मुंबईची जकात जीएसटी येईपर्यंत, २०१७ पर्यंत टिकली. आता महापालिका राज्याकडून येणाऱ्या भरपाईच्या हप्त्याकडे डोळे लावून बसते. म्हणजे कर्वे रोडवरच्या खड्ड्यासाठी कर्वे रोडवरच्या दुकानदाराकडून घ्यायचा मार्गच उरला नाही. भ्रष्ट होती जकात, हे मान्य. पण ती आपली होती.

अहवातुकीचे_काका | सोम, १४ ऑक्टोबर, रात्री ८:४५

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मी १९९१ साली इथे आलो, तेव्हा १०१ चे तुकडे तुकडे होते. एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जायला मध्ये कपाशीच्या शेतांतून सिग्नल पार करत जावं लागे.

१९८५ च्या मतदानाच्या वेळचा नकाशा मला एका शेजाऱ्याने दाखवला होता. त्यात आमच्या डोंगराच्या दक्षिणेला एक रेघ होती, साउथ माउंटन फ्रीवे. मी घर घेतलं तेव्हा दलाल म्हणाला, ती रेघ काही होत नाही. खरंच वाटलं. विक्रीकराचा अंदाज चुकला, १९९४ साली आणखी अर्धा सेंट मागितला तो लोकांनी नाकारला, मग नकाशातले काही फ्रीवे गळालेही. आमचा मात्र गळला नाही. २००४ च्या मतदानात पुन्हा आला. २००८ च्या मंदीत लोकांनी खरेदी थांबवली, कर आटला, तर दहा पदरांचे आठ झाले. डिसेंबर २०१९ मध्ये रस्ता उघडला. चौतीस वर्षं! ज्यांनी त्याला मत दिलं त्यातले निम्मे एव्हाना गाडी चालवायचे थांबले असतील, आणि माझ्यासारख्या कधीच मत न दिलेल्याच्या परसामागून तो जातो.

मी विरोध केला होता. सभांना गेलो, पिवळे फलक लावले. पण आमच्याहून मोठा विरोध पलीकडच्या गिला रिव्हर या आदिवासी समाजाचा. तो डोंगर त्यांना पवित्र. २०१२ साली त्यांनी आपापसांत मतदान घेतलं, त्यात 'रस्ताच नको' ला सर्वात जास्त मतं पडली. रस्ता त्यांच्या जमिनीतून गेला नाही, मान्य. पण डोंगराच्या पश्चिम टोकाच्या धारा कापल्या गेल्या. सुरुंग लागायचे त्या दिवशी आमच्या कपाटातल्या वाट्या किणकिणायच्या. त्यांना काय वाटलं असेल?

आता विचाराल, काका तुम्ही तो रस्ता वापरता का. वापरतो. मुलगी लव्हीनला राहते. पूर्वी डाउनटाउनला वळसा घालून पाऊण तास, आता अठरा मिनिटं. नातू झाल्यापासून आठवड्यातून तीनदा जातो. पहिले दोन महिने बायको त्या रस्त्यावर चढायला तयार नव्हती, आता तीच म्हणते १० नंबरने नको.

४७९ चं माझं अजून ठरलेलं नाही.

बुडापेस्टचा_बंड्या | मंगळ, १५ ऑक्टोबर, पहाटे ३:२०

ह्यूस्टनमध्ये नऊ वर्षं काढली. केटी फ्रीवे २००८ मध्ये रुंद करून संपवला, काही ठिकाणी सर्व्हिस रोड धरून सव्वीस पदर. थोडी वर्षं सुटसुटीत, मग पुन्हा गच्च. रस्ता रुंद केला की त्याच्या टोकाला घरं होतात, घरांतून गाड्या निघतात. क्वीन क्रीकवाले निमूटराव, राग मानू नका, पण २४ नंबर झाला म्हणूनच तुम्ही तिथे घर घेतलंत ना?

निमूटराव | मंगळ, १५ ऑक्टोबर, सकाळी ७:५५

राग नाही. पण घर तिथे घेतलं कारण चांडलरमध्ये परवडलं नाही. रस्ता नंतर बघितला.

चावडी_संपादक | मंगळ, १५ ऑक्टोबर, दुपारी २:००

राष्ट्राध्यक्षपदाबद्दलचे अकरा प्रतिसाद उडवले आहेत. त्याला वेगळा धागा आहे, तिथे जाऊन काय ते करा. दिवाळी कार्यक्रमाच्या पार्किंगचा प्रश्नही इथे नको.

खडूस_गणिती | मंगळ, १५ ऑक्टोबर, रात्री ९:१०

काकांचं वाचून दोन दिवस गप्प होतो. माझ्या 'वापरेल त्याने द्यावं' मध्ये एक भोक आहे. काका वापरतात पण त्यांनी मागितला नव्हता. ज्यांनी मागितला त्यांना वापरायला मिळाला नाही. १९८५ साली मॅरिकोपात वीस लाखही माणसं नव्हती, २०२० च्या जनगणनेत ४४ लाख. हिशेब कोणाशी करणार?

दुसरं, हिवाळ्यात मिनेसोटाहून येणारे आजी-आजोबा, बेसबॉल बघायला येणारे, ते रस्ते वापरतात आणि हॉटेल-दुकानांत हा अर्धा सेंट टाकून जातात. विक्रीकराची ही एक बाजू मी लिहिली नव्हती.

तरीही नाहीच. मैलावर कर लावा, माझ्या विजेच्या गाडीसकट. पण तो प्रश्न मतपत्रिकेवर नाही हे कळतंय मला.

सोनचाफा | मंगळ, १५ ऑक्टोबर, रात्री ९:३२

निकाल 'नाही' आला आणि २०२६ मध्ये पैसा थांबला, तर आधी काय बंद पडेल? मैलावरचा कर येईपर्यंत बस थांबून राहणार नाही. ज्याच्या दारात गाडी उभी आहे त्याला वाट बघणं जमतं.

चांडलरकर | गुरु, ७ नोव्हेंबर २०२४, रात्री ८:१५

निकाल कळलाच असेल. साठ टक्क्यांच्या आसपास हो. २०४५ संपेपर्यंत अर्धा सेंट.

मी हो दिलं. सोनचाफांच्या शेवटच्या प्रतिसादानंतर तीन दिवस पाकीट फ्रिजवर चुंबकाखाली होतं. कुकरवर कर का, याचं पटणारं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. काका, तुम्ही काय केलंत?

अहवातुकीचे_काका | गुरु, ७ नोव्हेंबर, रात्री १०:५०

तो गोळा मोकळा सोडला. बायकोने हो भरला. घरात मत फुटलं म्हणा.

मिरजमळा | शनि, ५ जुलै २०२५, दुपारी ४:३०

धागा वर काढतोय. फिनिक्स शहराने स्वतःचा विक्रीकर १ जुलैपासून २.३ चा २.८ केला. एकूण ९.१ टक्के. यासाठी मतदान नाही, मार्चमध्ये नगर परिषदेने ठरवून टाकलं. घरभाड्यावरचा कर गेल्याने पडलेला खड्डा त्यांना कुठून तरी भरायचा होता. गिल्बर्ट गावाचाही जानेवारीपासून दीडचा दोन झालाय. चांडलरकर, तुमचा कुकर आज फिनिक्समध्ये घेतला असता तर कर ५.९१ पडला असता.

निमूटराव | शनि, ५ जुलै, दुपारी ४:४८

म्हणजे चौऱ्याऐंशी सेंट जास्त. मला कुकर घ्यायचाच आहे, बायकोची बहीण येतेय. पण हल्ली ऑफिस फिनिक्सला हललंय. चौऱ्याऐंशी सेंटांसाठी ११५ डिग्रीत चांडलरला वाट वाकडी करू? पेट्रोलच दोन डॉलरचं जाईल.

खडूस_गणिती | शनि, ५ जुलै, संध्याकाळी ५:०२

माझी गाडी विजेवर आहे. कुठला हवाय ते सांगा, पाच लिटरचा की तीन? येताना आणतो.